रिपोर्ट ताडायचा तो आपल्याच जुन्या रिपोर्टशी

विषय दिलाय ‘वार्षिक तपासणीचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा’. त्याकडे येतोच, पण आधी माझा एक हट्ट ऐका. मागच्या वर्षांचे रिपोर्ट हातात असल्याशिवाय तपासणीला जाऊ नका. तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट किती जणांकडे आहे? हात वर करा बरं. आणि फ्रिजचं वॉरंटी कार्ड? बघा, किती हात वर गेले!

माझ्या मेहुण्यांचं हिमोग्लोबिन एका वर्षी १५.४ होतं. पुढच्या वर्षी १४.४, त्याच्या पुढच्या वर्षी १३.३. पुरुषांसाठी साधारण १३ ते १७ धरतात, म्हणून तिन्ही वेळा शेरा आला ‘नॉर्मल’. इकडे जिना चढताना त्यांना धाप लागायची, तर वय झालं म्हणून सोडून द्यायचे. मग एका डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कागद मागवून शेजारी-शेजारी ठेवले आणि लगेच म्हणाल्या, “हे रक्त जातंय कुठे?” फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासला, अगदी कमी निघाला. कोलोनोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीतून मोठं आतडं तपासलं, तर तिथल्या पॉलिपमधून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठीतून, थेंबथेंब रक्त जात होतं. पॉलिप काढला, आता ठणठणीत आहेत. पण मला राग याचा येतो, की लॅब तीच, नाव तेच, आणि मागचा आकडा बघावासा कुणालाच वाटला नाही!

ती ‘नॉर्मल’ची चौकट ठरते कशी, तेही सांगतो. निरोगी माणसांच्या चाचण्या घेतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे बहुधा चौकटीत धरतात. म्हणजे ५ टक्के धडधाकट माणसं मुळातच बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के! तेव्हा ठळक छापलेला एक आकडा बघून झोप उडवू नका. उलट क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, ०.७ वरून १.१ वर गेलं, तर चौकटीत असलं तरी जरूर विचारा. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेलं असू शकतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. मुख्य विषय आता भराभर घेतो.

उपाशीपोटी जायला सांगितलं असेल तर साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळू नका, काही आकडे उगाच वाढतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचा आकडा फसवा येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. रक्तदाब मोजण्याआधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, आणि पट्टा बाहीवरून बांधू देऊ नका. मोजताना गप्पाही नकोत, अगदी माझ्या व्याख्यानाच्यासुद्धा!

घरात कुणाला कुठला आजार कितव्या वर्षी झाला, हे लिहून न्या. ‘कितव्या वर्षी’ला फार महत्त्व आहे, तुमच्या काही तपासण्या कधी सुरू करायच्या ते त्यावरून ठरतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा.

आणि मोठं पॅकेज म्हणजे मोठी काळजी, हे डोक्यातून काढा. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये १७ संशोधन-प्रयोगांमधल्या अडीच लाख लोकांची माहिती एकत्र पाहिली. सरसकट तपासण्यांनी मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचाराच: माझ्या वयाला आणि घराण्याला कुठली तपासणी हवी, आणि यादीतली कुठली गाळली तरी चालेल?

हं, तिसऱ्या रांगेतल्या ताई, विचारा.