दहा हजारांची रेषा आणि हिरवा मार्ग

श्रोतेहो, नमस्कार. परदेशप्रवासाच्या तयारीत व्हिसा, तिकीट आणि बॅगेचं वजन यांची काळजी सगळेच घेतात. कस्टम्सचे आणि चलनाचे नियम मात्र उतरण्याच्या वेळी फॉर्म हातात पडेपर्यंत आठवत नाहीत. तोवर बॅग भरून, कुलूप लावून विमानाच्या पोटात गेलेली असते. म्हणून आज त्याविषयी बोलू.

सुरुवात रोख रकमेपासून. अनेकांना वाटतं की ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे नेणं हाच गुन्हा आहे. बहुतेक देशांत तसं नाही. कितीही रक्कम न्या, पण मर्यादेपलीकडची असेल तर आधी जाहीर करा, एवढंच कायदा मागतो. अमेरिकेत ही मर्यादा 10,000 डॉलर आहे आणि त्याहून जास्त रक्कम असली की कळवावं लागतं. युरोपीय संघात 10,000 युरो ‘किंवा त्याहून जास्त’ असा नियम आहे, म्हणजे बरोबर दहा हजार असले तरी घोषणापत्र भरायचं. जपानमध्ये 10 लाख येनपेक्षा जास्त, सिंगापूरमध्ये 20,000 सिंगापूर डॉलरपेक्षा जास्त. हे नियम देशात येताना लागू आहेत, तसेच देशाबाहेर जातानाही. हा दुसरा भाग हमखास विसरला जातो.

हिशोब सगळ्या चलनांचा मिळून होतो. थोडे युरो, थोडे डॉलर, थोडे पौंड असं असेल तर सगळ्यांची बेरीज करा. प्रवासी धनादेशही त्यात धरले जातात. युरोपीय संघाने तर जून 2021पासून सोन्याची नाणी आणि सोन्याच्या लगडीही रोख रकमेत धरल्या आहेत. आणि पैसे घरातल्या चौघांच्या खिशांत वाटून टाकायची युक्ती कृपा करून करू नका. अमेरिका आणि ब्रिटन एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्रच मोजतात. जाहीर केलेल्या पैशावर कर लागत नाही. लपवलेला पैसा मात्र जप्त होऊ शकतो.

काही देशांचं चलन देशाबाहेर नेताच येत नाही. ट्युनिशियाचा दिनार हे त्याचं ठळक उदाहरण. अशा ठिकाणी विमानतळावर उतरल्यावरच पैसे बदला, लागतील तेवढेच बदला आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. परतताना उरलेले दिनार बदलून घेताना ती पावती मागितली जाते. मागच्या प्रवासातल्या नोटा घरात पडून असतील तर त्या अजून चालतात का तेही पाहा: ब्रिटनच्या 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022नंतर व्यवहारातून गेल्या. कार्ड वापरताना मशीन विचारतं, बिल तुमच्या देशाच्या चलनात हवं की इथल्या? ‘इथल्या’ हेच निवडा, कारण दुसऱ्या पर्यायात दुकानाच्या बाजूची कंपनी स्वतःचा दर लावते आणि तो सहसा महाग पडतो.

आता सामान. सगळ्यात जास्त धोका औषधांचा, कारण ती आपल्याला निरुपद्रवी वाटतात. कोडीन, म्हणजे अफूच्या जातीचा घटक, असलेलं खोकल्याचं औषध संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. जपानमध्ये नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांपेक्षा जास्त असलेली सर्दीची गोळी निषिद्ध आहे, आणि अॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य असलेलं औषध तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाही. त्यामुळे गोळीचं ब्रँडनाव पाहून थांबू नका. वेष्टनावरची घटकांची नावं कागदावर उतरवा आणि त्या देशाच्या दूतावासाच्या यादीशी ताडून पाहा. औषध मूळ वेष्टनातच ठेवा. डब्यात सुट्या काढलेल्या गोळ्या कसल्या आहेत, हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. अमिरातीत खसखससुद्धा बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या झाडाचं बी आहे.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया खाद्यपदार्थ, बिया, लाकूड, इतकंच काय, बुटांना लागलेली मातीही तपासतात. बाहेरची कीड शेतीत शिरली तर ती काढणं जवळपास अशक्य असतं, म्हणून ही सक्ती. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या एका सफरचंदासाठी जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. विमानात मिळालेलं फळ पिशवीत विसरून राहतं, ते असं महागात पडतं. तपासणीच्या आधी टाकून देण्यासाठी डबे ठेवलेले असतात, तिथे टाकलंत तर काही होत नाही.

सामान घेऊन कस्टम्समधून बाहेर पडताना अनेक विमानतळांवर दोन मार्ग दिसतील: हिरवा आणि लाल. हिरव्यातून जाणं म्हणजे ‘माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही’ असं तुम्ही सांगितलं, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. थोडी जरी शंका असेल तर लाल मार्ग धरा आणि वस्तू दाखवून विचारा. बहुतेक वेळा शुल्क भरावं लागेल किंवा वस्तू सोडावी लागेल, एवढंच.

शेवटी, विमान बदलणाऱ्यांसाठी. अमेरिकेतून पुढे जायचं असेल तर तिथल्या पहिल्याच विमानतळावर सहसा सामान घेऊन कस्टम्समधून जावं लागतं, तिकीट एकच असलं तरी. तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते, आणि वाटेत घेतलेली करमुक्त बाटली सीलबंद पिशवीतून बाहेर काढली असेल तर ती तिथेच अडते. ती पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नका, आणि दोन विमानांमध्ये किमान दोन-तीन तास हातात ठेवा.