दोनशे ठिपक्यांची रांगोळी

अध्यक्षांनी आधीच बजावलंय, पाऊण तासात आटपा. पत्रिकेवर विषय छापलाय 'औषधचाचण्यांचे निष्कर्ष चित्रातून कसे मांडावेत'. तो येईलच. पण आधी माझ्या मामांची गोष्ट. समोर अर्धे डॉक्टर बसलेत, अर्धे त्यांचे पेशंट. हसायचं असेल तर पेशंटांनी आपल्या डॉक्टरांकडे बघून हसावं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या नव्या होत्या. एका एम.आर.ने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, माझ्या टेबलावर गुळगुळीत पत्रक पसरलं. त्यावर दोन खांब. एक माडासारखा, दुसरा त्याच्या बुंध्यापाशी उगवलेल्या गवतासारखा. खाली ठळक अक्षरांत '३१ टक्के धोका कमी'. आकडा खोटा नव्हता बरं का. १९९५ साली प्रसिद्ध झालेली पश्चिम स्कॉटलंडमधली चाचणी होती ती. ४५ ते ६४ वयाचे ६,५९५ पुरुष, कोलेस्टेरॉल वाढलेलं, पण आधी झटका न आलेला. सुमारे ५ वर्षांत औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ७.९ टक्क्यांना हृदयविकाराचा झटका आला किंवा त्या विकाराने मृत्यू आला. प्रॅव्हास्टॅटिन ही स्टॅटिन घेणाऱ्यांत हेच प्रमाण ५.५ टक्के.

मग माड कुठून उगवला? उभी पट्टी शून्यापासून नाही, ५ पासून सुरू केली होती! दोन्ही आकड्यांतून ५ वजा करा, एक खांब दुसऱ्याच्या जवळजवळ सहापट होतो. लग्नाच्या फोटोत नवरदेव पाटावर उभा करतात ना, तसलाच प्रकार.

मामा तिथेच बसले होते. कोलेस्टेरॉल वाढलेलं, वय ५८. पत्रक हातात घेऊन म्हणाले, "शंभरातले ३१ वाचतात? मग विचार कसला करतोस, लिही." आणि मी, एम.डी. झालेला माणूस, मान डोलावली. माझा राग एम.आर.वर नाही, त्या मानेवर आहे. इतकी वर्षं शिकलो, पण '३१ टक्के म्हणजे कशाचे?' हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली होती. घरी आईने रांगोळीचा कागद बाहेर काढला होता. उदबत्तीने भोकं पाडलेला, दहा बाय दहा ठिपक्यांचा. मला तिथे उजेड पडला. दुसऱ्या दिवशी मामांना अंगणात बोलावलं. एकच कागद पुरेना, कारण ५.५ मधला अर्धा माणूस कसा काढणार? म्हणून कागद दोनदा टेकवला. झाले २०० ठिपके, म्हणजे मामांसारखे २०० पुरुष. गोळी न घेता १६ जणांना त्रास होणार, त्यांच्यावर कुंकू टाकलं. गोळी घेतली तर ११ जणांना. म्हणजे पाचांवर हळद. १६ पैकी ५ टळले, हेच ते ३१ टक्के!

मामा बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "हे पांढरे १८४?" म्हटलं, "त्यांना गोळी घेतली काय, न घेतली काय, या ५ वर्षांत काही होणार नव्हतं." "आणि मी यातला कुठला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही कुणाकडेच नाही. खांबांच्या चित्रात हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

चिठ्ठी आली, ५ मिनिटं उरलीत. तेव्हा मुख्य विषय भरभर सांगतो. एक, तोच ३१ टक्क्यांचा फायदा धोका २० टक्के असलेल्यांत शंभरातल्या सहांना मिळेल आणि २ टक्के असलेल्यांत हजारातल्या सहांना. म्हणून आपल्या पेशंटचा मूळ धोका आधी विचारा, मग ठिपके काढा. दोन, दुष्परिणामही त्याच २०० ठिपक्यांत दाखवा. फायदा टक्क्यांत आणि तोटा 'लाखात एखादा' असं दिसलं की सावध व्हा. तीन, सर्व्हायव्हल कर्व्ह, म्हणजे काळ जाईल तसे किती जण त्रासाविना उरले हे दाखवणारी रेषा. दोन रेषा फाकलेल्या दिसल्या की आधी डावीकडची पट्टी बघा, मग उजव्या टोकाला किती माणसं उरलीत ते बघा. तिथे मूठभरच असतील तर रेषा उगाच डोलते. चार, 'किती जणांना द्यावं म्हणजे एकाला फायदा' हे माप १९८८ पासून आहे. इथे ते साधारण ४० येतं. डॉक्टरांना ते सोयीचं, पेशंटला मात्र ठिपकेच दाखवा. कर्व्हची स्लाइड राहिली, राहू द्या.

मामांनी गोळी घेतली का, हे विचारायला हात वर झालेत. घेतली. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "अहो, पाच तर पाच, तुम्ही हळदीत बसा." तंबाखूच्या धोक्याची रांगोळी काढायला मात्र मामा परत आले नाहीत.