एडी घ्यायचा नाही!

[दृश्य : कॅरेक्टर निवडण्याची स्क्रीन. कर्सर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातोय, कुठेच थांबत नाहीये.]

निवेदन :

फायटिंग गेम पहिल्यांदा उघडला की जवळजवळ प्रत्येक जण इथे येऊन अडकतो. जून 2023 मध्ये स्ट्रीट फायटर 6 आला, तेव्हा त्यात 18 कॅरेक्टर्स होती. पुढे त्यात भर पडत गेली. ऑनलाइन रँकचा सामना शोधायच्या आधीच यातला एक जण निवडून ठेवावा लागतो. समोर कोण येणार, हे तोवर माहीत नसतं. मग आपण मोबाईल उचलतो आणि शोधतो : सगळ्यात भारी कॅरेक्टर कोणतं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा शोधायला मोबाईल नव्हता. दादा होता.

[दृश्य : जुना टीव्ही, राखाडी प्लेस्टेशन, वायरी गुंडाळलेले कंट्रोलर.]

एसटी स्टँडच्या मागे एका गाळ्यात आमचं गेम पार्लर होतं. तीन टीव्ही, तीन प्लेस्टेशन, तासाला दहा रुपये. तिन्हीकडे टेकन 3 लागलेला असायचा आणि प्रत्येकाला एडी गोर्डोच हवा असायचा. एडी ब्राझीलचा, कापोएरा लढणारा. लाथांची दोन बटणं कशीही बडवली तरी तो हातांवर उलटा होऊन भिंगरीसारखा फिरायचा आणि समोरचा आडवा. काहीही न शिकता जिंकता यायचं. त्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी पार्लरचा नियमच पडला : एडी घ्यायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, आला. त्याने नियम ऐकला आणि मला म्हणाला, "तू घे एडी. मी पॉल घेतो."

मी बटणं बडवायला सुरुवात केली. दादा काहीच करत नव्हता. पॉल नुसता खाली बसून होता. एडीच्या खालून येणाऱ्या लाथा एकेक करून अडत होत्या, आणि लाथ अडली की एडी क्षणभर उघडा पडत होता. तेवढ्या क्षणात पॉलचा एक ठोसा. पुन्हा खाली बसणं, पुन्हा ठोसा. ओळीने सहा सामने हरल्यावर मी कंट्रोलर ठेवला.

दादा म्हणाला, "एडी भारी नाही रे. तुम्हाला कुणाला खाली बसून अडवता येत नाही, म्हणून तो भारी वाटतो."

[दृश्य : सरावाचा मोड. पडद्याच्या खालच्या पट्टीत रंगीत चौकोन सरकतायत.]

आज इंटरनेटवर प्रत्येक फायटिंग गेमची टिअर लिस्ट, म्हणजे कॅरेक्टर्सची दर्जानुसार यादी, मिळते. वर एस, मग ए, मग बी, तळाला ज्यांना कुणी विचारत नाही ते. ही यादी थोतांड मुळीच नाही. मोठे खेळाडू प्रत्येक जोडीचा हिशेब मांडतात. अमुक विरुद्ध तमुक 6-4 म्हणजे, दोघे सारख्याच कसाचे असतील तर दहातले सहा सामने पहिल्याचे. अशा सगळ्या जोड्यांची बेरीज करून यादी उभी राहते.

पण यादीच्या पोटात एक गृहीतक आहे, आणि ते नवख्याला कुणी सांगत नाही. दोन्ही बाजूंचे हात चुकत नाहीत, असं धरून ती केलेली असते.

हे जरा जवळून बघू. या खेळात सेकंदाचे 60 तुकडे असतात, एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. स्ट्रीट फायटर 6 मधला सगळ्यात झटपट साधा ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. त्यामुळे हा ठोसा बघून कुणीच अडवत नाही. तो येणार हे ओळखूनच अडवावा लागतो. आता ड्राइव्ह इम्पॅक्ट घ्या. रंगाचा फवारा उडवत येणारा तो मोठा प्रहार लागायला 26 फ्रेम घेतो, अर्ध्या सेकंदाला थोडं कमी. म्हणजे कागदावर तो दिसतो, आणि आपणही ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबून त्याला उलटवू शकतो. यादी करणारा लिहितो, 'बघून उत्तर देता येतं.'

मी सरावाच्या मोडमध्ये समोरच्या पुतळ्याला मध्येच कधीतरी ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला लावलं. पहिल्या संध्याकाळी दहातले तीन उलटवले. बाकी सात वेळा माझं कॅरेक्टर, धालसिम, भिंतीवर आपटलं. यादीतल्या खेळाडूच्या आणि माझ्या मधलं अंतर त्या सात धडकांएवढं होतं.

[दृश्य : 1994 च्या आर्केड खेळाचा पडदा. आकाशातून तिरकस खाली येणारे आगीचे गोळे.]

कधीकधी मात्र एखादं कॅरेक्टर खरंच बेफाम असतं. 1994 च्या सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बोमध्ये अकुमा लपवून ठेवला होता. निवडीच्या स्क्रीनवर ठराविक क्रमाने कर्सर फिरवला तरच तो मिळायचा. तो उडी मारून हवेतून आगीचे गोळे सोडायचा. कोपऱ्यात सापडलेल्याला त्यातून बाहेर पडायला जागाच उरायची नाही. स्पर्धांमध्ये त्याच्यावर बंदी आली, आणि ती योग्यच होती. आमच्या पार्लरमधला नियम आणि हा नियम वरून सारखेच दिसतात. फरक एवढाच की एडीला उत्तर होतं, ते आम्ही शोधलं नव्हतं. अकुमाच्या बाबतीत जगातल्या उत्तम खेळाडूंनी शोधून पाहिलं होतं.

फायटिंग गेममधला सर्वांत गाजलेला क्षणही या प्रश्नाशीच जोडलेला आहे. साल 2004, कॅलिफोर्नियातलं पोमोना, फायटिंग गेमची मोठी स्पर्धा ईव्हो. खेळ स्ट्रीट फायटर 3 : थर्ड स्ट्राइक. अमेरिकेच्या जस्टिन वाँगकडे चुन-ली, जपानच्या दायगो उमेहाराकडे केन. केनचा जीव केसाएवढा उरलाय. साधा बचाव केला तरी झिरपणाऱ्या माराने तो संपणार. चुन-लीने पंधरा लाथांचा सुपर, म्हणजे राखून ठेवलेला खास हल्ला, सोडला. दायगोने मागे खेचून बचाव केला नाही. प्रत्येक लाथेला अचूक क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने, जॉयस्टिकची दांडी पुढे ढकलत गेला. पंधराच्या पंधरा लाथा परतवल्या, शेवटची हवेत, आणि उलट हल्ला करून जिंकला.

हा किस्सा बलाढ्य विरुद्ध दुबळा असा रंगवून सांगितला जातो. मला ते पटत नाही. केन त्या खेळातल्या पहिल्या तिघांतला मानला जातो, चुन-ली आणि युनच्या रांगेतला. आणि दायगो ती स्पर्धा जिंकला नाही. अंतिम फेरीत तो केओ या जपानी खेळाडूकडून हरला. केओकडे होता युन. म्हणजे यादी त्या दिवशीही खोटी ठरली नव्हती. पण वीस वर्षांनी लोक युनचा विजय पुन्हा लावून बघत नाहीत, त्या पंधरा लाथा बघतात.

[दृश्य : लाल रंगाचा योशी. अंड्याच्या आकाराची ढाल क्षणभर उघडते आणि मिटते.]

यादीचं सगळं मर्म मला ज्याने शिकवलं, तो मारिओच्या खेळांतला डायनासोर, लाल योशी.

सुपर स्मॅश ब्रदर्स मेले हा फायटिंग गेम 2001 मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवर आला. त्या काळच्या कन्सोलवरच्या खेळांना सहसा इंटरनेटवरून सुधारणा मिळत नसत. आज एखादं कॅरेक्टर फार जोरात निघालं तर कंपनी पुढच्या अपडेटला त्याचे दात काढते. मेलेमध्ये तसं काही झालं नाही. डिस्कवर जे कोरलं गेलं, त्याच्यावरच आजही स्पर्धा होतात.

या खेळात योशीला वर्षानुवर्षं यादीच्या खालच्या भागात ठेवलं गेलं, आणि कारणं अगदी रास्त होती. बाकीचे ढालीआडून थेट उडी मारून निसटतात, योशीला ते जमत नाही. कड्याबाहेर फेकला गेल्यावर वर झेप घेऊन परतायची खास चालही त्याच्याकडे नाही. त्याची भिस्त फक्त दुसऱ्या उडीवर. मात्र त्या उडीला एक चिलखत आहे, उडताना मार बसला तरी ठराविक जोरापर्यंत तो ढळत नाही. आणि त्याची अंड्याची ढाल उघडण्याच्या अगदी पहिल्या क्षणी प्रहार आला, तर तो निष्फळ होतो आणि योशी लगेच मोकळा होतो. हे लोकांना माहीत होतं. पण इतका सूक्ष्म क्षण सामन्यात पुन्हा पुन्हा साधणार कोण?

आम्सा नावाच्या जपानी खेळाडूने ते साधलं. लाल योशी घेऊन तो वर्षानुवर्षं खेळत राहिला. वरच्या दर्जाची कॅरेक्टर्स समोर असतानाही त्याने योशी सोडला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियात द बिग हाऊस 10 ही मोठी स्पर्धा तो जिंकला. मेलेच्या इतिहासात योशीने जिंकलेली ती पहिली मोठी स्पर्धा. खेळ सुरू होऊन एकवीस वर्षं झाली होती.

मला इथे थांबावंसं वाटतं. खेळात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. योशीची उडी तीच, ढाल तीच, उणिवा त्याच. तरी तो यादीत वर चढला. मग ती यादी इतकी वर्षं मोजत काय होती? योशीला नव्हे. योशीबरोबर तोवर कुणी किती काळ काढला, हे ती मोजत होती.

[दृश्य : लाहोरच्या रस्त्यांची संध्याकाळ, मग मोठ्या सभागृहातला झगमगता रंगमंच.]

2019 मध्ये असंच काहीसं टेकन 7 मध्ये घडलं. लाहोरच्या आर्केडमध्ये घडलेला अर्सलान ॲश व्हिसा आणि प्रवासाच्या अडचणी पार करून जपानला पोचला आणि ईव्हो जपान जिंकला. त्याच वर्षी लास वेगासची ईव्होही त्याने जिंकली, अंतिम फेरीत 'नी' (Knee) या दक्षिण कोरियाच्या नामांकित खेळाडूला हरवून. जिंकल्यावर तो सांगत होता की त्याच्या तोडीचे खेळाडू पाकिस्तानात आणखी आहेत. खोटं नव्हतं ते. 2022 च्या टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा आतिफ बट जिंकला, तोही पाकिस्तानचाच. यादी लिहिणाऱ्यांनी जेवढे खेळाडू पाहिलेत, तेवढ्यांवरच ती उभी असते. ज्या गल्लीतले सामने त्यांनी पाहिले नाहीत, त्या गल्लीतलं ज्ञान त्यात नसतं.

[दृश्य : दोन खोल्या, दोन पडदे. मधे नेटवर्कची हिरवी-पिवळी पट्टी.]

ऑनलाइन खेळात गणित आणखी बदलतं. समोरच्याचं बटण इंटरनेटवरून वेळेत पोचलं नाही तर खेळ थांबत नाही. त्याने काय केलं असेल याचा अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज चुकला की काही फ्रेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो. याला रोलबॅक म्हणतात. ईव्होच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टोनी कॅननने जीजीपीओ हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि हे तंत्र फायटिंग गेममध्ये रुजलं. घरबसल्या दूरच्या माणसाशी नीट लढता येतं ते त्यामुळेच. पण नेट डळमळीत असेल तर प्रहाराच्या सुरुवातीच्या काही फ्रेम दिसतच नाहीत. 26 फ्रेमचा ड्राइव्ह इम्पॅक्ट 22 चा वाटू लागतो. म्हणून खालच्या रँकमध्ये ई. होंडा या कॅरेक्टरचं उडतं डोकं आणि ब्लांका या कॅरेक्टरचं लोळत येणं यांनी लोक हैराण होतात. यादीत वर नसलेलं कॅरेक्टर सिल्व्हर रँकमध्ये राक्षस होतं. आमच्या एडीसारखंच.

त्यामुळे नवीन खेळणारा मला विचारतो तेव्हा मी यादी दाखवत नाही. त्याला विचारतो, हरताना कुणाबरोबर राग आला नाही? दहा सामने हरूनही ज्याची पुढची चाल शिकावीशी वाटते, त्याला घे. चाली हातात बसत नसतील तर मॉडर्न कंट्रोल लाव, एका बटणात विशेष चाल निघते. त्या चालीचा मार वीस टक्के कमी बसतो, बसू दे. स्ट्रीट फायटर 6 मध्ये प्रत्येक कॅरेक्टरची रँक वेगळी असते, त्यामुळे दुसरं वापरून बघितलं म्हणून पहिल्याची कमाई जात नाही. पण महिनाभर तरी एकालाच धर. दर अपडेटनंतर यादीच्या माथ्यावरच्या नव्या माणसाकडे धावणाऱ्याला दर वेळी पहिलीपासून शिकावं लागतं.

[दृश्य : धालसिमचा हात अर्धा पडदा ओलांडून जातो.]

मी धालसिम घेतो. सुरुवातीचं कारण साधं होतं, तो भारतातला. 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 पासून आहे, त्याच्या मैदानात हत्ती उभे असायचे. तो सावकाश चालतो, उडी मारली तर कापसासारखा तरंगत खाली येतो, आणि कुणी अंगाशी आलं की त्याचे हाल होतात. मी त्याला इतरांसारखा पुढे पळवत होतो, म्हणून मार खात होतो. तीन महिन्यांनी कळलं की पुढे जायचंच नाही. हात लांब आहेत, समोरच्यालाच चालत येऊ द्यायचं. आणि तो येतो तेव्हा खाली बसून अडवायचं.

आता सरावाच्या मोडमध्ये दहातले सात ड्राइव्ह इम्पॅक्ट उलटतात.

परवा दादाचा फोन आला होता. त्याने टेकन 8 घेतलाय. मी म्हटलं, "त्यात एडी परत आलाय, 2024 मध्ये."

"माहितीये," तो म्हणाला. "रविवारी ये. तू एडी घे, मी पॉल घेतो."

"नको. एडी तू घे."

[दृश्य : दोन कंट्रोलर, एकाच सोफ्यावर. निवडीची स्क्रीन उघडते.]