नाडी, डबा आणि खो

(दृश्य: टेबलावर बूट, नाडी बांधणारे छोटे हात)

हालचालींचा समन्वय अवघड जाणारं एक मूल नाडी बांधतंय. पहिली गाठ बसली. आता नाडीचे कान (फासे) करायला बोटं वळली, आणि गाठ सैल झाली. दर वेळी बिनसतं ते इथेच, कारण बोटं कानात गुंतली की नाडीवरचा ताण सुटतो. नायलॉनची गोल नाडी तर हमखास घसरते. म्हणून इथे चपटी सुती नाडी आहे, दोन टोकं दोन रंगांची. बूट टेबलावर, टाच मुलाकडे. पहिल्या गाठीत नाडी दोनदा फिरवली की ती धरून राहते. मग दोन कान आणि त्यांची साधी गाठ.

सराव घेणाऱ्या ताई हात धरून शिकवत नाहीत. "कुठे सुटली? आता काय करून बघशील?" एवढंच विचारतात. काय करायचं ते ठरव, बेत आख, करून बघ, तपास, ही पद्धत कॅनडातल्या हेलेन पोलाटाज्को आणि अँजेला मँडिच यांनी बसवली. उपाय मुलानेच शोधला की तो लक्षात राहतो.

हालचालींच्या समन्वयाची ही अडचण, म्हणजे डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर), शाळकरी मुलांत साधारण 5 ते 6 टक्क्यांना असते. घरी-शाळेत मात्र नाव पडतं 'वेंधळा'.

(दृश्य: मधली सुट्टी, स्टीलचा डबा)

एका हाताने डबा दाबून धरायचा, दुसऱ्याने झाकण ओढायचं. दोन हातांना एकाच वेळी दोन वेगळी कामं जमत नाहीत. उघडून मागायची लाज वाटते, मग डबा तसाच घरी जातो आणि "भूक नव्हती" म्हटलं जातं. डब्याखाली ओला रुमाल ठेवला तर तो सरकत नाही. सैल झाकणाचा डबा दिला तर त्याहून बरं.

(दृश्य: खो-खोचं मैदान)

पाठीवर थाप, "खो", उठायचं, दिशा धरायची, पळायचं. सगळं एका क्षणात. सराव तुकड्यांनी होतो: आधी नुसतं बसून उठणं, मग ठरलेल्या एकाच जोडीदाराकडून खो, तोही चालत. गुण लिहायला बसवणं दिसायला प्रेमळ, पण त्यात मूल मैदानाबाहेरच राहतं.

अशा मुलांत चिंता आणि उदासी इतरांपेक्षा जास्त आढळते, चिडवणंही वाट्याला येतं.

कप्तानांनी एकेक गडी निवडायची रीत आधी बंद करावी. हजेरी क्रमांक सम की विषम, त्यावर संघ पाडले की शेवटी कोणी उरत नाही.