दोन शब्दांची जागा

तुम्ही सगळे उद्या बातम्या लिहिणार आहात, म्हणून पोलिसांच्या बळाच्या वापराबद्दलच्या कलमांच्या आधी एक वाक्य घेतो. ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.’ हे मी स्वतः किती वेळा लिहिलंय याचा हिशेब नाही. कायद्यात ‘सौम्य लाठीमार’ नावाचा प्रकार नाही. आणि लाठी ज्याच्या पाठीवर पडली त्याला विचारून तो शब्द कुणी लिहीत नाही. (हशा) तो पोलिसांकडून येतो, आपण उतरवून घेतो.

चकमकीचंही तेच. ‘आरोपीने पिस्तूल हिसकावलं, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, आरोपी ठार.’ माणूस गेला एवढंच यात निर्विवाद. बाकीचा एका बाजूचा बचाव आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसांना काही वेगळा दिलेला नाही. तुम्हाआम्हाला आहे तोच त्यांना, आणि ज्याने हा हक्क सांगितला त्यानेच तो शाबीत करायचा.

मग पोलिसांना वेगळं संरक्षण कुठे आहे? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला नोकरीवरून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यावर, कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. जमाव पांगवणाऱ्या शिपायासाठी अशीच वेगळी तरतूद आहे. मला हे मुळात गैर वाटत नाही. उठसूट फिर्यादी व्हायला लागल्या तर दंगलीत कुणी पुढे होणारच नाही. दुखणं होतं ते फाईल वर्षानुवर्षं पडून राहण्याचं. नव्या २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. एवढा मोठा बदल, पण बातमीत मला फारसा दिसला नाही.

आता ‘कर्तव्य’ कशाला म्हणायचं? वर्सोव्याचं प्रकरण घ्या. ११ नोव्हेंबर २००६. पोलिसांनी एकाला वाशीहून उचललं. त्याचा भाऊ वकील. त्याने त्याच दिवशी पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स केले की भावाला उचललंय, जिवाला धोका आहे. रात्री वर्सोव्यात ‘चकमक’. फॅक्सवर वेळ छापलेली असते हो! २०१३ साली सत्र न्यायालयाने पोलिसांना जन्मठेप दिली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही दोषी ठरवलं. त्याच्या नावामागे ‘चकमकफेम’ लागायचं. ती पदवी सरकारने दिलेली नव्हती, आपण दिली होती.

सर्वोच्च न्यायालयापुढे जे मोठं प्रकरण गेलं तेही आपल्याच राज्यातलं: १९९५ ते १९९७, मुंबईतल्या ९९ चकमकी, सुमारे १३५ मृत्यू. निकाल २३ सप्टेंबर २०१४चा. त्यात १६ निर्देश आहेत. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढती-बक्षीस देऊ नका.

आणि बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या आरोपीचा पोलीस व्हॅनमध्ये गोळीने मृत्यू झाला ती तारीख २३ सप्टेंबर २०२४. निकालाला दहा वर्षं, त्याच दिवशी. त्याच्यावरचा आरोप भयंकर होता, लोकांचा संताप खरा होता. म्हणूनच त्या रात्री सावध लिहिणं अवघड होतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. तो अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे, हेही तितक्याच काळजीने लिहायला हवं.

एकदा माझ्या अशाच बातमीच्या मथळ्यातून ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द डेस्कने उडवले. मी जाऊन विचारलं. उपसंपादक म्हणाला, “दोन कॉलमांत बसत नव्हते रे.” मी भांडलो नाही. परत येऊन दुसरी बातमी लिहायला घेतली.