पांढरा कोट आणि दुसरी पाळी

नमस्कार श्रोतेहो.

१९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ जणांना त्या काळच्या श्वसनयंत्रांचा आधार दिला, त्यांतले २७ दगावले. मग ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी सुचवलं, की गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवा आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरा. उपाय लागू पडला. पण ती पिशवी दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे दाबत बसणार कोण? त्यासाठी विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार जण, बहुतेक वैद्यकीय शाखेचे, पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. ही गोष्ट सेवाभावाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मात्र त्या पाळ्यांचे विद्यार्थ्यांना पैसे मिळत होते, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

वैद्यकीय विद्यार्थ्याने पैशासाठी काम करणं आपल्याला अजून थोडं खटकतं. 'डॉक्टरकीला शिकतोय ना, मग अभ्यास कर,' असं म्हणून आपण मोकळे होतो. फी, पुस्तकं, खोलीभाडं हे कुणीतरी भागवत असणार, असं आपण गृहीत धरलेलं असतं. ज्यांचं कुणीच भागवत नाही, त्यांच्याशी आज मला बोलायचंय.

काम करावं की नाही, हा तुमच्यापुढचा प्रश्नच नाही. ते करावंच लागणार आहे. म्हणून मी कामाचे तास मोजायला सांगणार नाही, ते तास दिवसाच्या कुठल्या भागात पडतात ते बघायला सांगेन. आठवड्याला बारा तास शिकवण्या घेणारा विद्यार्थी तरून जातो आणि दोनच रात्रपाळ्या करणारा कोलमडतो. दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. शरीररचनाशास्त्रातली नसांची आणि रक्तवाहिन्यांची नावं घोकून तुम्ही रात्रभर जागलात, तर त्यातलं बरंचसं सकाळपर्यंत ओसरलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. अनेक देशांत एवढं मद्य घेऊन गाडी चालवणं गुन्हा आहे. रात्रपाळी संपवून थेट वॉर्डात गेलात, तर तिथे समोर रुग्ण असतो.

पहिल्या एक-दोन वर्षांत वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळ हाती लागते. वॉर्ड पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातल्या वॉर्डांत प्रत्यक्ष शिकणं, सुरू झालं की ती हातातून जाते. राऊंड लांबतो, केस घ्यायची राहते, रात्री इमर्जन्सीत थांबावं लागतं. म्हणून आधीच्या वर्षांत जमलेली नोकरी पुढे तशीच ओढू नका. परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवता येईल, असं काम शोधा. शिकवणी, ग्रंथालयातलं काम, वैद्यकीय मजकुराचं भाषांतर, डॉक्टरांच्या नोंदी टंकून देणं, ही त्यातली बरी कामं. टंकलेखन कंटाळवाणं आहे, कबूल, पण शेकडो रुग्णांच्या नोंदी डोळ्यांखालून जातात आणि हिस्टरी, म्हणजे रुग्णाच्या आजाराची हकिगत, कशी लिहायची ते आपोआप कळतं.

रुग्णालयातलं काम मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण तिथे एक धोका आहे. कोपनहेगनचे विद्यार्थी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नेमून दिलेलं एकच काम करत होते. एखाद्या छोट्या दवाखान्यात मात्र मदतनीस म्हणून ठेवलेल्या विद्यार्थ्याला चार दिवसांत सांगितलं जातं, 'तुला येतंच की, तू बघून घे.' आणि तो रुग्ण तपासू लागतो, औषध लिहू लागतो. रुग्ण त्याला डॉक्टर समजतो. पोराला त्यात मान वाटतो, मालकाचा डॉक्टरला द्यायचा पगार वाचतो. डॉक्टर म्हणून नोंदणी नसताना उपचार करणं बेकायदा आहे आणि प्रकरण अंगाशी आलं, की शिकणाऱ्याची पुढची नोंदणीच अडचणीत येते. 'तू बघून घे' म्हणणाऱ्याला पहिल्याच दिवशी नाही म्हणा.

लॅबमध्ये रक्त घेण्याचं किंवा वॉर्डातलं काम घेत असाल, तर आधी हिपॅटायटिस बीची लस पुरी करा. तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत होतात, तेव्हा सुरुवात लवकर करा. वापरलेली सुई टोचलीच, तर ती जागा साबण-पाण्याने धुवा, पिळत बसू नका आणि लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि त्यातही जितकी लवकर तितकी बरी. हे लाजेपोटी लपवणारे विद्यार्थी असतात. नोकरी जाईल, ही भीतीही असते. म्हणून कामावर रुजू होतानाच विचारून ठेवा, की रात्री दोन वाजता सुई टोचली तर फोन कुणाला करायचा आणि औषधाचा खर्च कोण देणार. याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरं काम शोधा.

नमस्कार.