चौघांची वेळ जुळली, पाचवा अडला

हे बघा, कोलंबिया, नासाचं स्पेस शटल म्हणजे अंतराळयान. इंधनाची मोठी टाकी पांढरी दिसतेय, कारण पहिल्या दोन उड्डाणांनाच तिला रंग दिला होता, पुढे वजन वाचवायला तो काढूनच टाकला. तारीख 10 एप्रिल 1981. आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन पाठीवर पडून आहेत, काउंटडाऊन शेवटच्या 20 मिनिटांवर आलंय.

आता हे खोके बघा. पाच कॉम्प्युटर, पाचही आयबीएमचे. चौघांत एकच सॉफ्टवेअर, पाचव्यातलं मात्र रॉकवेलनं वेगळं लिहिलेलं, म्हणजे एकाच चुकीत सगळे अडकायला नकोत. प्रत्येकाला स्वतःचं घड्याळ असतं, पण घड्याळांतले दोन क्वार्ट्झ स्फटिक अगदी सारखे कधीच चालत नाहीत, तापमान बदललं की थोडे पुढेमागे होतातच, म्हणून यानात एक मास्टर टायमिंग युनिट, म्हणजे सगळ्यांसाठी मुख्य घड्याळ आहे आणि सगळे वेळ तिथून घेतात. पण एवढ्यावर भागत नाही. घड्याळं जुळली तरी काम पुढेमागे होऊ शकतं, एकानं सेन्सरचा आकडा जरा आधी वाचला तर त्याचं उत्तर वेगळं येणार. त्यामुळे ठरलेल्या जागी चौघंही थांबतात, तारांवरून एकमेकांना खूण देतात, 4 मिलिसेकंदांत ज्याची खूण आली नाही त्याला सोडून बाकीचे पुढे जातात. आणि हे सेकंदाला शेकडो वेळा! मला तर अख्ख्या यानात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

पाचवा या खुणांमध्ये नसतो. तो चौघांचा डेटा ऐकत राहतो, कुठला आकडा कधी यायचा ते त्याला माहीत असतं. त्या सकाळी काही आकडे एक चक्र, म्हणजे कामाची एक फेरी, आधीच यायला लागले, आणि त्यानं ते घ्यायचं बंद केलं.

गंमत बघा, चौघांचं आपसात छान जुळत होतं. सगळ्यात आधी सुरू केलेल्या कॉम्प्युटरनं सुरू होतानाच आपली वेळ चुकीची मोजली होती आणि बाकीच्यांनी ती त्याच्याकडूनच उचलली. कोडमध्ये वेगवेगळ्या वेळी केलेले दोन छोटे बदल एकत्र आले, आणि असं व्हायची शक्यता 67 मध्ये 1. चौघांत मतदान घेतलं असतं तरी हे कळलं नसतं, कारण चौघंही एकसारखेच चुकत होते. कळलं ते वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या पाचव्यामुळे.

उड्डाण रद्द झालं. कारण सापडल्यावर कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केले, या वेळी वेळ बरोबर लागली, 12 एप्रिलला यान उडालं.